तळहाताची बोटं आखडत असतील तर तेल आणि शेक कसा करावा

भाकरी थापताना लक्षात आलं. अनामिकेचं टोक दर भाकरीवर खळगा पाडायचं. लालबागमध्ये बावीस वर्षं मी भाकऱ्या करून देते, माझा हात असा चुकत नाही. चाचपून पाहिलं तर बोटाच्या मुळाशी वाटाण्याएवढी गाठ. वर्षभरात तिथून बोटाकडे कडक दोरी ताणल्यासारखी झाली.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, ड्युप्युट्रेन. तळव्याच्या कातडीखालचा पडदा जाड होतो, आवळतो आणि बोट आत ओढतो, बहुतेकदा अनामिका नाहीतर करंगळी. "शीर आखडली" म्हणून लोक जोरजोरात चोळतात, पण शिरेचा इथे संबंध नाही. हा आजार घराण्यातून येतो, मधुमेहींमध्ये जास्त दिसतो. मला मधुमेह आहे आणि वडिलांची करंगळीही अशीच वळलेली होती.

तेलाने, पाल्याने ही दोरी विरघळत नाही, हे आधीच सांगते. मी आठ महिने तीच आशा धरून बसले आणि तेवढ्यात बोट आणखी वळलं. हाताचा ताठरपणा आणि ठणका मात्र शेकाने उतरतो, आणि मला दिवसभर हातानेच कमवायचं असतं. म्हणून मी शेक सोडलेला नाही.

दादरच्या बाजारात झाडपालावाल्या बायका बसतात, त्यांच्याकडे निर्गुंडी मागायची. निगडी म्हटलं तरी कळतं. पानं पाच-पाच अशी पंजासारखी, चुरगळली की उग्र वास येतो. मूठभर पानं धुऊन, कोरडी करून चिरायची. लोखंडी तव्यावर चमचाभर एरंडेल टाकून मंद आचेवर मऊ होईपर्यंत परतायची, करपू द्यायची नाहीत. जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात घट्ट पोटली बांधायची. आधी तळव्याला कोमट तिळाचं तेल लावून हलक्या हाताने, मनगटाकडून बोटांकडे पाच मिनिटं जिरवायचं. गाठीवर अंगठा रुतवायचा नाही. मग दहा मिनिटं पोटलीने शेकायचं.

पोटली आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला लावून बघा, हे विसरू नका. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी होऊ शकते. मला चटका कळलाच नाही, सकाळी करंगळीखाली फोड आला होता आणि तो भरायला तीन आठवडे गेले. कातडीला चीर, जखम असेल तर शेक नकोच. शेकानंतर बोटं दुसऱ्या हाताने अलगद उघडायची, दुखेपर्यंत ताणायची नाहीत.

पोटात घ्यायचं औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका. गुग्गुळ रक्त पातळ करणाऱ्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांबरोबर जपून द्यावा लागतो. काही भस्मांत पारा, शिसं असतं. वरळीच्या पोदार रुग्णालयासारख्या ठिकाणी शिकलेले वैद्य बसतात. त्यांना चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवा.

दर महिन्याच्या एक तारखेला हात टेबलावर पालथा ठेवायचा. तळवा आणि बोटं सपाट टेकली तर शेक चालू द्या. खालून उजेड दिसला, तर हाताच्या सर्जनकडे जायचं. सुईने दोरी तोडतात किंवा शस्त्रक्रियेने पडदा काढतात, आणि बोटाचा मधला सांधा वाकून राहिला तर तो पुरता सरळ करणं अवघड होत जातं. आजार पुन्हा उलटू शकतो, हेही ते सांगतील. गेल्या एक तारखेला माझ्या अनामिकेखालून पेन्सिल आरपार गेली. मी नंबर लावून आले आहे.