काट्यांच्या मुकुटाची झाडे कशी ओळखावीत

येशूच्या डोक्यावर रोमन शिपायांनी काट्यांचा मुकुट ठेवल्याचे मत्तय, मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत सांगितले आहे; तो कोणत्या झाडाच्या फांद्यांचा होता, हे मात्र एकाही ठिकाणी लिहिलेले नाही. त्यामुळे पुढे निरनिराळ्या प्रदेशांतील काटेरी झाडांना या मुकुटाचे नाव मिळत गेले. यरुशलेमच्या यात्रेत किंवा घराजवळच्या रोपवाटिकेत असे झाड कोणी दाखवले, तर त्याच्या पाटीवर विसंबून न राहता पुढील क्रमाने ते स्वतः तपासावे.

सुरुवात काट्याच्या बुडापासून करावी. गुलाबाचा काटा हा सालीचाच भाग असल्याने अंगठ्याने आडवा रेटला की सालीवर सपाट वण ठेवून निघून येतो, तर युरोपातील हॉथॉर्नचा काटा ही मुळात आखूड राहिलेली फांदीच असते आणि तो ओढून निघत नाही. मुकुटाशी ज्यांचे नाव सर्वांत जास्त जोडले जाते त्या दोन झाडांचे काटे तिसऱ्या प्रकारचे, म्हणजे पानाच्या देठाच्या बुडाशी जोडीने येणारे असतात. या जोडीतला एक काटा बहुधा सरळ आणि लांब, तर दुसरा आखूड व मागे वळलेला असतो. बोरे तोडताना हात फांद्यांमध्ये सहज शिरतो, पण बाहेर काढताना सदऱ्याची बाही अडकते, ती याच वळलेल्या काट्यामुळे. हा अनुभव असलेल्या माणसाला पॅलेस्टाईनमधील काटा ओळखायला फार शिकावे लागत नाही, कारण तिथले पहिले झाड आपल्या बोरीचेच सख्खे भावंड आहे.

ते झाड म्हणजे झिझिफस स्पिना-क्रिस्टी. अरबीत त्याला सिद्र आणि फळाला नबक म्हणतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य फ्रेडरिक हॅसेलक्विस्ट १७५० च्या सुमारास त्या भागात हिंडला होता आणि मुकुट याच झाडाचा असावा असे त्याचे मत पडले. फांद्या लवचीक, काटे अणकुचीदार आणि पाने गर्द हिरवी असल्याने सेनापतींना घालायच्या पर्णमुकुटाची क्रूर नक्कल करायला हे झाड सोयीचे होते, असा त्याचा तर्क होता. तर्क चांगला आहे, पण तो पुरावा नाही. दुसरे झाड पॅलियुरस स्पिना-क्रिस्टी. तेही बोरीच्याच कुळातले आहे, त्याच्याही पानात बुडापासून तीन ठळक शिरा निघतात आणि काट्यांची जोडीही तशीच असते, म्हणून नुसती फांदी हातात घेऊन या दोघांत निवाडा करू नये. निवाडा फळावर करावा. झिझिफसचे फळ लहान बोरासारखे गोल, गरदार, आत कठीण आठळी असलेले आणि खाता येण्याजोगे असते. पॅलियुरसचे फळ कोरडे, चपटे, भोवती वर्तुळाकार पंख असलेले, जणू रुंद काठाची छोटी टोपी. पॅलियुरसची पानगळ झाल्यावरही या टोप्या पुष्कळदा फांदीवर टिकून राहतात, त्यामुळे हिवाळ्यात जाणाऱ्यालाही ही खूण सापडते. आपल्या बोरीशी ताडून पाहायचे असेल तर पान उलटे करावे: बोरीच्या पानाखाली दाट पांढुरकी लव असते, तशी झिझिफस स्पिना-क्रिस्टीच्या पानाखाली नसते.

मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर ‘क्राऊन ऑफ थॉर्न्स’ म्हणून जे लाल-गुलाबी फुलांचे रोप दिसते, ते मूळचे मादागास्करचे युफोर्बिया मिली आहे. बॅरन मिलियस यांनी ते १८२१ साली फ्रान्समध्ये आणले आणि त्यांच्यावरूनच त्याला नाव मिळाले, म्हणून मुकुटाच्या शोधात ते बिनदिक्कत बाजूला ठेवावे. पान खुडले की पांढरा चीक आला, एवढी खूण पुरे. हा चीक कातडीला झोंबतो आणि डोळ्यांना घातक असतो, म्हणून शुभ शुक्रवारच्या सजावटीसाठी त्याची छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना त्या फांद्या वळायला देऊ नयेत.

आता प्रत्यक्ष अवशेषाकडे. फ्रान्सचा राजा नववा लुई याने कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट दुसरा बाल्डविन याच्याकडून मुकुट मिळवला. १२३९ साली तो पॅरिसला आला आणि त्याच्यासाठी सेंत-शापेल हे प्रार्थनामंदिर बांधले गेले. पुढे तो पॅरिसच्याच नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये होता; तिथे २०१९ मध्ये लागलेल्या आगीतून तो वाचवण्यात आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा तिथेच आणला गेला. तो पाहणाऱ्याने काटे शोधू नयेत, कारण उरले आहे ते सुमारे २१ सेंटिमीटर व्यासाचे, सोन्याच्या तारेने बांधलेले लव्हाळ्यासारख्या गवताचे वेटोळे. काटे शतकानुशतके राजे, मठ आणि चर्च यांना एकेक करून दिले गेले. ज्या स्फटिक-सोन्याच्या नळीत ते वेटोळे १८९६ पासून ठेवले आहे, तिच्यावर झिझिफसच्या फांदीचे सोनेरी जाळीकाम आहे. छायाचित्रात पुष्कळांना तीच मूळ फांदी वाटते, म्हणून चित्र मोठे करून धातूची चमक आधी पाहावी.

सुट्या काट्यांच्या बाबतीत जास्त सावध राहावे. मूळ काट्याला स्पर्श करवलेला दुसरा काटाही भक्तीने जपला जात असे, आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील चौदाव्या शतकाच्या अखेरच्या सुवर्णपेटीत आहे तसा एकटा काटा समोर असला, तर त्याला ना पान असते ना फळ. अशा वेळी झाडाचे नाव सांगण्याचा मोह टाळावा आणि वहीत काट्याची लांबी, वळण आणि रंग एवढेच टिपावे.