शेतावरच बायोचार: खड्डा पेटवण्यापासून मुळांपर्यंत

पिकाच्या काड्या उघड्यावर जाळल्या की त्यातला जवळजवळ सगळा कार्बन धुरावाटे निघून जातो आणि हाती चिमूटभर राख राहते. त्याच काड्या हवा अडवून भाजल्या, तर त्यातला साधारण एक तृतीयांश ते निम्मा कार्बन काळ्या, सच्छिद्र कोळशात टिकतो. हा कोळसा म्हणजे बायोचार. तो मातीत शेकडो वर्षे सहसा कुजत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात जुन्या वस्त्यांच्या जागी कोळसामिश्रित काळी माती आजही सुपीक आहे.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट असू द्या. बायोचार हे खत नाही. पिकाला लगेच मिळेल असे नत्र त्यात नसल्यात जमा असते. पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवायला तो जागा देतो, आणि ती जागा आधी भरावी लागते. तसाच कोरा कोळसा शेतात टाकून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे बहुतेक जण याच पायरीवर चुकलेले असतात.

कशाचा करायचा

पऱ्हाट्या, तुराट्या, छाटणीच्या फांद्या, बांबूचे तुकडे, दाणे काढलेली मक्याची कणसे हा सगळा उत्तम माल. जाडी पेन्सिलीपासून मनगटापर्यंत चालते. ओलावा 15 ते 20 टक्क्यांच्या आत हवा. काडी वाकवल्यावर लवली तर ती ओली आहे. कडकन मोडली तरच घ्या. भाताचा तुसा उघड्या खड्ड्याच्या या पद्धतीत नीट भाजत नाही, कारण थर दाबून बसतो आणि आतून धुमसत राहतो. त्यासाठी वेगळी भट्टी लागते.

रंग दिलेले किंवा रसायन मुरवलेले लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक यांतले काहीही खड्ड्यात जाऊ देऊ नका. त्यातले जड धातू कोळशात उरतात आणि तिथून मातीत जातात. पालापाचोळा आणि मऊ अवशेषही यात घालू नयेत. त्यांची जागा आच्छादनात किंवा कंपोस्टमध्ये आहे, तिथे ते मातीला जास्त कामाचे ठरतात. बायोचारसाठी झाडे तोडणे तर हिशोबाच्याच विरुद्ध.

खड्डा

तोंडाशी 1.2 मीटर, तळाशी 40 सेंटिमीटर व्यास आणि 60 सेंटिमीटर खोली असा नरसाळ्याच्या आकाराचा खड्डा घ्या. त्यात सव्वातीनशे लिटरच्या आसपास माल मावतो. सुमारे 250 किलो वाळक्या काड्यांमधून साधारण 50 किलो बायोचार (कोरडे वजन) मिळतो आणि दोन-तीन तास लागतात. बाजू तिरप्या हव्यात, म्हणजे हवा फक्त वरून येते आणि निखारे आपोआप मध्याकडे सरकतात. निघालेली माती कडेने रचून वीतभर उंच बांध घाला, वारा अडतो. भुसभुशीत जमिनीत बाजू ढासळतात, तिथे आतून चिखलाने लिंपून वाळू द्या. खड्ड्यात ओल असेल तर तळ तापतच नाही आणि खालचा थर कच्चा राहतो.

आजूबाजूची तीन-चार मीटर जागा गवत काढून मोकळी करा. झाडाच्या मुळांजवळ खड्डा नको. 200 ते 300 लिटर पाणी काडी पेटवण्याआधीच शेजारी भरून ठेवा. ‘लागेल तेव्हा आणू’ असे म्हटले की पाणी येईपर्यंत निम्म्या कोळशाची राख झालेली असते.

पेटवणे आणि थर देणे

मध्यभागी बारीक काड्या आडव्या-उभ्या रचून धुराड्यासारखा मनोरा करा आणि तो वरून पेटवा. खालून पेटवला तर वरच्या काड्यांतून निघणारा वायू न जळता धुरासारखा बाहेर पडतो. वरून पेटवल्यावर तोच वायू ज्वाळेतून जाताना जळून जातो. मनोरा कोसळला की निखारे तळभर पसरा आणि पहिला पातळ थर द्या.

इथून पुढे सगळे काम नजरेचे. वरच्या काड्या आधी ज्वाळेने पेटतात, मग काळ्या पडतात, आणि मग त्यांच्यावर राखेची पांढरट साय धरू लागते. ती दिसली की पुढचा थर टाका. नव्या थराच्या ज्वाळा वरून येणारा ऑक्सिजन खाऊन टाकतात, म्हणून खालचा कोळसा तापलेला असूनही जळत नाही. या पद्धतीचे सगळे गमक त्या ज्वाळांच्या पडद्यात आहे. कोन-टिकी नावाची लोखंडी भट्टी 2014 च्या सुमारास याच तत्त्वावर पुढे आली. खड्डा हे तिचे बिनखर्ची रूप.

थर लवकर किंवा जाड टाकला तर ज्वाळा गुदमरते आणि दाट पांढरा धूर निघतो. अशा वेळी हात थांबवा, लांब काठीने थर थोडा उचलून मोकळा करा, ज्वाळा परत येऊ द्या. थर उशिरा टाकला तर धूर नसतो, सगळे छान चालल्यासारखे वाटते, पण कोळसा जळून राख होत असते. जाड तुकडे सुरुवातीच्या थरांत घाला, कारण त्यांना भाजायला जास्त वेळ मिळतो. शेवटच्या दोन-तीन थरांत फक्त बारीक काड्या टाका. जोराच्या वाऱ्यात भट्टी लावूच नका.

विझवणे

शेवटच्या थराच्या ज्वाळा बुटक्या झाल्या की लगेच पाणी ओता. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, कडेकडेने सावकाश ओता. वाफेचा लोट हातातोंडावर येतो आणि भाजतो. फावड्याने ढवळून पुन्हा पाणी द्या. पाण्याची टंचाई असेल तर वर पंधरा सेंटिमीटर ओल्या मातीचा थर दाबून दुसऱ्या दिवसापर्यंत खड्डा बंद ठेवा. एखादी फट राहिली तरी आत कोळसा जळत राहतो, म्हणून पाणी बरे. वरून गार वाटणारा ढीग काही तासांनी पुन्हा पेटू शकतो. गोठ्याजवळ, गंजीजवळ किंवा पोत्यांत लगेच नेऊ नका.

नीट भाजला की नाही

एक तुकडा हातात घ्या आणि मोडा. चांगला बायोचार ठिसूळ असतो, टणकन तुटतो, आतून बाहेरून सारखाच काळा दिसतो. गाभा तपकिरी असेल तर तो कच्चा. असे तुकडे पुढच्या खड्ड्यात घाला. बोटांना लागलेली काळी पूड नुसत्या पाण्याने धुऊन गेली तर ठीक. हात तेलकट राहिले किंवा धुरकट वास आला तर त्यात डांबरासारखे अंश उरले आहेत, आणि ते बियाण्याच्या उगवणीला बाधतात. शंका असेल तर दोन कुंड्या भरा, एकीत नुसती माती, दुसरीत दहावा भाग बायोचार. दोन्हींत मुळ्याचे बी टाका. आठवड्याभरात उत्तर मिळते.

चार्ज करणे

चार्ज करणे म्हणजे कोळशातली रिकामी जागा अन्नद्रव्यांनी भरणे. आधी ओलसर कोळसा पोत्यात घालून तुडवा किंवा कुटा, तुकडे एक-दोन सेंटिमीटरपेक्षा लहान करा. कोरडा कुटू नका, त्याची भुकटी फुप्फुसात जाते. नाकावर मास्क असू द्या.

मग मापाने एक भाग बायोचार आणि एक ते दोन भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा, ओलावा राखा आणि दोन ते चार आठवडे झाकून ठेवा. शेणाची स्लरी किंवा गोमूत्र हाताशी असेल तर कोळसा त्यात भिजवा. शोषेल तेवढे शोषू द्या. कंपोस्टचा नवा ढीग लावताना सुरुवातीलाच मापाने दहावा भाग मिसळणे हा सगळ्यात सोपा मार्ग. कोरा कोळसा घातला तर तो मातीतलेच नत्र धरून बसतो आणि पीक काही आठवडे पिवळे दिसते.

शेतात कुठे, किती

आम्ल, रेताड, सेंद्रिय कार्बन कमी असलेल्या जमिनीत फायदा सर्वाधिक. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात उष्ण कटिबंधात उत्पादन सरासरी 25 टक्के वाढलेले दिसले. समशीतोष्ण भागात मात्र वाढ नव्हती. बायोचारचा सामू (pH) बहुधा 8 ते 10 असतो. त्यामुळे चुनखडीच्या किंवा चोपण जमिनीत जास्त प्रमाणात घातला तर लोह, जस्त यांची कमतरता वाढू शकते. तिथे हात आखडताच ठेवा.

सगळ्या शेतात पसरायचा तर चौरस मीटरला एक किलो, म्हणजे हेक्टरी 10 टन हे प्रमाण धरतात. एका खड्ड्याचा माल त्या हिशोबाने जेमतेम 50 चौरस मीटरला पुरतो. म्हणून पसरण्यापेक्षा मुळांपाशी द्या: रोप लावताना खड्ड्यात चार्ज केलेल्या मिश्रणाच्या एक-दोन ओंजळी, पेरणीच्या पिकाला ओळीत, फळझाडाला फांद्यांच्या घेराखाली चर काढून. नेपाळमध्ये भोपळ्यावर झालेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गोमूत्रात मुरवलेला बायोचार हेक्टरी अवघा 750 किलो, तोही मुळांजवळ दिला होता. नुसत्या गोमूत्राच्या तुलनेत उत्पादन चौपट झाले. एका प्रयोगावरून चौपटीची आशा धरू नये, पण थोडा माल योग्य जागी दिला तर काय होते हे त्यातून कळते. एक पट्टा बायोचारविना ठेवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

हवामानाचा हिशोब

तुमच्या 50 किलोत 75 टक्के कार्बन धरला तर तो साडेसदतीस किलो होतो. 450 ते 600 अंश सेल्सिअसवर भाजलेल्या बायोचारमधला 80 टक्के कार्बन शंभर वर्षांनंतरही मातीत उरतो, असे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या 2019 च्या सुधारित मार्गदर्शिकेत धरले आहे. म्हणजे 30 किलो कार्बन, अर्थात 110 किलो कार्बन डायऑक्साइड. कोळसा चुलीत गेला तर हा आकडा शून्य.

यातून वजाबाकीही होते. धुमसणाऱ्या खड्ड्यातून मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या 27 पटींहून अधिक तापवतो. ओल्या काड्यांची एखादी धुरकट भट्टी कमाईचा मोठा भाग खाऊन टाकते. काडी अजून लवत असेल तर ढीग पंधरा दिवस उन्हात पसरून ठेवा आणि मगच खड्डा पेटवा.