उसाच्या ट्रॉलीमागं गाडी चालवायची भीती कशी गेली

लायसन्स मिळून चार वर्षं झाली तरी निपाणी-बेळगाव गाडी न्यायची माझी छाती नव्हती. एकदा वंटमुरी घाटात पुढं उसाचा ट्रॅक्टर थांबला, माझी गाडी बंद पडली आणि मागं सरकली. त्यानंतर किल्लीच हातात घेतली नाही.

मग दादानं रोज सकाळी सहाला आमच्या गल्लीतल्या चढावर बसवलं. हँडब्रेक ओढलेला ठेवून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनाचा आवाज जड होऊन बॉनेट जरासं उचललं की अॅक्सिलरेटर, आणि मगच हँडब्रेक खाली. आठ दिवस एवढंच. माझी भीती रस्त्याची नव्हतीच, डाव्या पायाची होती.

पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवते. ताशी 60 किलोमीटरला तेवढ्यात 50 मीटर जातात. पावसात दुप्पट. गळीत हंगामात रात्री तर फारच जपते, कारण कितीतरी ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर लोंबत्या उसानं झाकलेला असतो. समोरून हेडलाइट डोळ्यांवर आले तर वेग कमी करून नजर डाव्या पांढऱ्या पट्टीवर.

परवा आईला शेजारी बसवून तोच घाट चढले. ट्रॅक्टरमागं थांबले, निघाले. आईला तेव्हा झोप लागली होती.