सुरुवातीचा जीनोम बदलला की उत्क्रांतीचा अंदाज किती बदलतो? स्वतः तपासायचं असेल तर असं करा

बॅक्टेरिया किंवा यीस्ट एकाच मीडियात (त्यांच्या वाढीसाठीच्या पोषक द्रावणात) रोज वाढवत ठेवले की ते त्या मीडियाला सरावत जातात आणि फिटनेस, म्हणजे इतरांच्या तुलनेत वाढायची क्षमता, वाढतो, हे आता सगळ्यांना माहितीये. खरा प्रश्न पुढचा आहे, की वेगवेगळ्या जेनेटिक बॅकग्राउंडचे (म्हणजे सुरुवातीचा जीनोम वेगळा असलेले) स्ट्रेन, म्हणजे वाण, घेऊन सगळ्यांना सारख्याच परिस्थितीत ठेवलं तर सगळे एकाच वाटेने जातात का, आणि जात असतील तर ते आधीच सांगता येतं का. यासाठी फार भारी लॅब लागत नाही, फ्लास्क किंवा ९६ वेलची प्लेट, इन्क्युबेटर, डीप फ्रीझर आणि शेवटी सिक्वेन्सिंगचे पैसे एवढ्यात काम होतं. पण डिझाइन सुरुवातीलाच गंडलं तर नंतर कितीही डेटा असला तरी उत्तर निघत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं काम कागदावर करायचं. "अंदाज लावता येतो" म्हणजे नक्की कशाचा अंदाज? फिटनेस किती वाढेल याचा, कोणत्या जीनमध्ये म्युटेशन (डीएनएतला बदल) येईल याचा, की डीएनएचं नेमकं कोणतं अक्षर बदलेल याचा? या तिन्हींची उत्तरं एकाच एक्सपेरिमेंटमध्ये पार वेगळी येऊ शकतात. २०१४ सालचं यीस्टचं काम बघा, ६४ वेगवेगळे फाउंडर (ज्यांच्यापासून सुरुवात करायची ते स्ट्रेन), प्रत्येकाच्या १० लाइन (वेगवेगळ्या वाढवलेल्या कल्चर) म्हणजे एकूण ६४० लाइन, साधारण ५०० पिढ्या वाढवल्या. फिटनेसच्या पातळीवर चित्र एकदम स्वच्छ आलं, जो फाउंडर सुरुवातीला मागे होता त्याने जास्त वेगाने कमावलं आणि जो पुढे होता त्याची वाढ कमी राहिली, पण सिक्वेन्स बघितला तर म्युटेशन बऱ्यापैकी इकडेतिकडे विखुरलेली. २०१२ मध्ये ई. कोलाय बॅक्टेरियाच्या ११५ लाइन ४२.२ डिग्रीला २००० पिढ्या वाढवल्या होत्या, तिथेही तसंच, नेमकी तीच म्युटेशन दोन लाइनमध्ये क्वचित सापडायची पण म्युटेशन परत परत त्याच जीनमध्ये यायची. त्यामुळे "उत्क्रांती प्रेडिक्टेबल आहे का" एवढाच प्रश्न घेऊन सुरुवात करू नका, पातळी आधी लिहून ठेवा.

मग फाउंडर निवडायचे. लोक इथे घाई करतात, निसर्गातून मिळालेले चार-पाच स्ट्रेन उचलतात आणि कामाला लागतात, पण अशा स्ट्रेनमध्ये हजारो फरक असतात आणि नंतर कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर दोन यीस्ट स्ट्रेनचा क्रॉस करून त्यांची पिल्लं घ्या, किंवा एकच पूर्वज घेऊन त्यात एकेक माहितीतलं म्युटेशन टाकलेले स्ट्रेन घ्या. आणि एक गोष्ट आवर्जून करा, सुरुवातीचा फिटनेस जवळपास सारखा पण जीनोम वेगळा अशा निदान दोन-तीन जोड्या सेटमध्ये असू द्या. कारण बॅकग्राउंडचा परिणाम दोन प्रकारे दिसतो, एक म्हणजे फक्त "तू किती फिट आहेस" यावरून पुढची कमाई ठरते (याला ग्लोबल एपिस्टॅसिस म्हणतात), आणि दुसरा म्हणजे एखादा विशिष्ट जीन असल्यामुळे एखादी वाट उघडते किंवा बंद होते. सारख्या फिटनेसच्या जोड्या नसतील तर हे दोन परिणाम एकमेकांपासून सोडवणं फार अवघड जातं. स्ट्रेन निरुपद्रवीच घ्या, आणि अँटिबायोटिक रेझिस्टन्सवर काम करायचं असेल तर बायोसेफ्टीची परवानगी आधी.

रेप्लिकेटवर, म्हणजे एकाच फाउंडरच्या अनेक लाइन ठेवण्यात, कंजूषी नको. एकेका फाउंडरची एकच लाइन ठेवली आणि त्या वेगळ्या गेल्या, तर ते बॅकग्राउंडमुळे की निव्वळ नशिबाने हे कळायला काही मार्गच नाही. १९९५ मध्ये ई. कोलायवर उत्क्रांतीचे प्रयोग करणाऱ्या रिचर्ड लेन्स्कींच्या गटाने बदलाचे तीन भाग वेगळे मोजायची पद्धत दाखवली होती, अनुकूलन, योगायोग आणि इतिहास, आणि ती अजूनही इथे तशीच्या तशी वापरता येते. एकाच फाउंडरच्या लाइनमध्ये आपसात जो फरक तो योगायोग, फाउंडर-फाउंडरमधला त्याच्या वरचा फरक तो इतिहास, आणि सगळ्यांची सरासरी जेवढी सरकली ते अनुकूलन. प्रत्येक फाउंडरच्या आठ-दहा लाइन तरी असू द्याच.

रोजचं काम सोपं पण कंटाळवाणं आहे. कल्चरचा शंभरावा भाग ताज्या मीडियात टाकला तर दिवसाला साधारण ६.६४ पिढ्या होतात, म्हणजे ७५ दिवसांत ५०० च्या आसपास. मध्येमध्ये ग्लिसरॉल घालून उणे ८० ला साठवत जा, हे अजिबात चुकवू नका, कारण पुढे सगळ्यात मोलाचं काम याच नळ्यांवर होतं.

फिटनेस मोजायला थेट स्पर्धा लावा. एका स्ट्रेनला असा मार्कर द्या की प्लेटवर लाल कॉलनी येईल, दुसऱ्याची पांढरी. समजा सुरुवातीला १०० लाल, १०० पांढऱ्या मोजल्या आणि दुसऱ्या दिवशी शंभरपट जास्त पातळ करून लावल्यावर ८० लाल, १२० पांढऱ्या आल्या. म्हणजे पांढरे १२० पट वाढले, लाल ८० पट, दोन्हींचा लॉग घेऊन भागाकार केला की १.०९ च्या आसपास येतं, म्हणजे पांढऱ्याला ९ टक्के फायदा. मार्करचा स्वतःचा काही फायदा-तोटा नाही ना, ते मात्र आधी तपासा.

आता सगळ्यात फसवी जागा. आलेख काढताना आडव्या अक्षावर सुरुवातीचा फिटनेस आणि उभ्यावर वाढ, म्हणजे शेवटचा वजा सुरुवातीचा. सुरुवातीच्या मोजमापात थोडी जरी चूक असली तरी ती दोन्हीकडे उलट्या दिशेने जाते, चुकून कमी मोजलेला फाउंडर आपोआप "जास्त सुधारलेला" दिसतो, आणि कमी फिट ते जास्त कमावतात असा सुंदर उतार काहीच नसतानाही तयार होतो. उपाय सरळ आहे, सुरुवातीचा फिटनेस दोन स्वतंत्र वेळा मोजा, एक आकडा आडव्या अक्षासाठी, दुसरा वजाबाकीसाठी. उतार तरीही टिकला तर विश्वास ठेवा.

सिक्वेन्सिंगनंतर प्रत्येक दोन लाइनच्या जोडीत म्युटेशन आलेले किती जीन कॉमन आहेत ते काढा, आणि एकाच बॅकग्राउंडच्या जोड्या वेगळ्या बॅकग्राउंडच्या जोड्यांपेक्षा जास्त सारख्या आहेत का ते बघा. बॅकग्राउंडची लेबलं शफल करून हजारदा तेच गणित केलं की योगायोगाने किती फरक येतो ते समजतं. मोठ्या जीनला म्युटेशन लागण्याची शक्यता तशीही जास्त असते, त्याचा हिशेब धरा. म्युटेटर झालेल्या (म्युटेशनचा वेग खूप वाढलेल्या) लाइन वेगळ्या काढा, लेन्स्कींच्या १९८८ पासून चालू असलेल्या एक्सपेरिमेंटमध्ये ५०,००० पिढ्यांपर्यंत १२ पैकी ६ लाइन तशा झाल्या होत्या आणि त्यांच्यात म्युटेशनचा नुसता पाऊस असतो.

इथवर जे मिळतं तो फक्त संबंध, कारण दाखवायचं तर दोन गोष्टी करा. एक, एका बॅकग्राउंडमध्ये जिंकलेलं म्युटेशन उचलून दुसऱ्या बॅकग्राउंडमध्ये टाका आणि फायदा मोजा, कमी होतो, तेवढाच राहतो की चक्क तोटा होतो? तोटा झाला तर त्या बॅकग्राउंडला ती वाट बंद. उदाहरणार्थ टेम नावाच्या, अँटिबायोटिक तोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेज एन्झाइमची ५ म्युटेशन एकत्र आली की सेफोटॅक्सिम या अँटिबायोटिकचा रेझिस्टन्स जवळपास १ लाख पट होतो, ती यायचे क्रम १२० असू शकतात, पण प्रत्येक पायरीला रेझिस्टन्स वाढतोय असे फक्त १८ निघाले. दुसरं, फ्रीझरमधल्या जुन्या नळ्या काढून वेगवेगळ्या पिढ्यांपासून परत सुरू करा. लेन्स्कींच्या त्याच एक्सपेरिमेंटमध्ये ई. कोलायची एक लाइन ऑक्सिजन असताना सायट्रेट खायला शिकली ती ३१,००० पिढ्या उलटल्यावर, आणि रिप्लेमध्ये ही गोष्ट मूळ पूर्वजापासून घडलीच नाही, त्याच लाइनच्या नंतरच्या पिढ्यांपासूनच परत घडली, म्हणजे आधी काहीतरी साचलं होतं ज्याने ती वाट शक्य केली.

आणि खरंच अंदाज लावता येतो असं म्हणायचं असेल तर दोन-तीन फाउंडर सुरुवातीलाच बाजूला ठेवा, बाकीच्यांवरून मॉडेल बसवा, या राखून ठेवलेल्यांचा फिटनेस किती वाढेल आणि कोणत्या जीनमध्ये म्युटेशन येतील ते तारखेसकट लिहून ठेवा, आणि मगच त्यांच्या लाइन चालू करा.