किनाऱ्याने कोकणात: बाइकवर जीपीएस लावून निघण्याआधी

आधी यंत्राच्या सेटिंग्जमध्ये जा, नेव्हिगेशन उघडा, त्यात अव्हॉइडन्सेस, म्हणजे काय काय टाळायचं त्याची यादी, बघा. 'फेरीज'समोर टिक असेल तर काढा. मग पुढचं वाचा.

रेवदंड्यापासून खाली जयगडपर्यंत किनाऱ्याला धरून जायचं तर चार खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. आगरदांडा ते दिघी राजपुरीची खाडी, बागमांडला ते वेसवी सावित्रीची, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठीची, तवसाळ ते जयगड शास्त्रीची. फेरी टाळायची असं यंत्राला सांगून ठेवलेलं असेल तर ते भांडत नाही, विचारत नाही. दाभोळहून गुपचूप चिपळूणकडे वळवतं आणि गुहागर फिरवून धोपाव्याला नेतं. समोरचा काठ डोळ्यांना दिसत असतो आणि वळसा शंभर किलोमीटरच्या वर. स्क्रीनवर रेघ छान दिसते, पोहोचायची वेळ तेवढी रात्रीची येते. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून ही यादी.

फोन असताना वेगळं यंत्र कशाला, हा वाद इथे नको. मोठ्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, हे ॲपलने 2021 मध्ये स्वतःच सांगितलंय. शिवाय ओल्या हातमोज्यांनी फोन चालवून बघितला असेल तर तुम्ही विचारणारच नाही. मी गार्मिन कंपनीच्या झुमो या बाइकवरच्या जीपीएसबद्दल लिहितोय. दुसऱ्या कंपनीचं असेल तर मेनूची नावं वेगळी असतील, डोकेदुखी हीच.

आता वायरिंग. यंत्राला स्वतःची बॅटरी आहे, पण तिच्या भरवशावर दिवस निघत नाही. झुमो एक्सटीला कंपनी 6 तासांपर्यंत सांगते, ब्राइटनेस पूर्ण ठेवला तर साडेतीन. कोकणच्या उन्हात ब्राइटनेस पूर्णच ठेवावा लागतो. म्हणजे यंत्र ज्यात बसतं त्या क्रेडलला बाइकची वीज हवी. इथे बरेच जण वायर थेट बॅटरीला जोडून मोकळे होतात. चावी काढली तरी करंट चालूच राहतो, बाइक दोन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारताना कळतं. रिले टाका, म्हणजे चावीच्या वायरच्या बारीक करंटने बॅटरीची लाइन चालू-बंद करणारा स्विच. 30 नंबरच्या पायाला बॅटरीचं प्लस, मध्ये फ्यूज आणि तो बॅटरीच्या जवळच, 87 वरून यंत्राकडे, 85 अर्थला, 86 ला चावी फिरवल्यावर करंट येणारी एखादी वायर, पार्किंग लाइटची चालते. इलेक्ट्रिशियन म्हणेल रिले कशाला, पार्किंगच्याच वायरला जोडून देतो. ऐकू नका. तो चांगला माणूस असेल, पण पावसात अंधारात तुमच्या बाइकशेजारी तो नसणार.

जोडून झालं की हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. वायर कुठे ताणते का, क्लच केबलमध्ये अडकते का, टाकी आणि हँडलमध्ये चेमटते का. हे उभ्या बाइकवर नाही बघितलं तर घाटातल्या वळणावर दिसतं. माउंटचे स्क्रू घट्ट, शिवाय एक बारीक दोरी हँडलला, कारण माउंटच्या बॉलचा सांधा सुटला तर यंत्र रस्त्यावर आणि मागून एसटी. स्क्रीन स्पीडोमीटरच्या आड येऊ देऊ नका. नजर खाली न वाकवता दिसली पाहिजे.

रूट संगणकावर आखा. हॉटेलच्या पार्किंगमध्ये उभं राहून स्क्रीनवर बोटं मारत आखू नका. गार्मिनचं बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जुनाट दिसतं, काम करतं. आणि इथे पुन्हा तेच: बेसकॅम्पमध्ये अव्हॉइडन्सेस वेगळ्या असतात, त्याही प्रत्येक प्रोफाइलच्या वेगळ्या. मोटरसायकलिंगच्या प्रोफाइलमध्ये फेरीज बघा. यंत्रात टिक काढली म्हणून संगणकावरची निघत नाही, आणि उलटही नाही. दोन्ही जागी बघायचं. संगणकावर रेघ खाडीवरून सरळ गेलेली दिसली म्हणून खूश होऊ नका. यंत्राने रूट आत घेताना स्वतःचा हिशेब पुन्हा केला आणि त्याला फेरी वर्ज्य असेल तर सगळं मुसळ केरात. रूट यंत्रात चढवल्यावर यंत्राच्याच स्क्रीनवर चारही खाड्या एकेक करून मोठ्या करून बघा. आगरदांडा. बागमांडला. दाभोळ. तवसाळ. रेघ पाण्यावरून गेली पाहिजे.

नकाशात फेरीच नसेल तर? असं असू शकतं, नकाशावर अवलंबून आहे. मग रूट जेटीवर तोडा. पहिला आगरदांड्याच्या जेटीवर संपतो, दुसरा दिघीच्या जेटीवर सुरू होतो. खरं तर नकाशात फेरी असली तरी मी आता तोडूनच ठेवतो. तुकडे जास्त होतात, पण एक बिघडला तर बाकीचे शाबूत राहतात. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचे पूल जसजसे होतील तसं हे बदलेल, तोवर जेटी.

मधल्या जागा टाकताना व्हाया पॉइंट आणि शेपिंग पॉइंट यांतला फरक समजून घ्या. व्हाया पॉइंट म्हणजे तिथे गेल्याशिवाय यंत्र सोडत नाही. गाडी शंभर मीटर बाजूने पुढे गेली तर ते दहा किलोमीटर 'मागे वळा, मागे वळा' करत राहतं. स्किपचं बटण कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा. शेपिंग पॉइंट फक्त रेघ त्या रस्त्यावरून ओढतो, बोलत नाही. मुक्काम आणि जेट्या व्हाया, बाकी सगळं शेपिंग. आणि शेपिंग पॉइंट भर रस्त्यावर टाका, झूम करून. बाजूच्या आमराईत पडला तर यंत्र तुम्हाला आमराईत नेईल.

नावावर विसंबू नका. मुरूड दोन आहेत, एक जंजिऱ्याचं रायगडात, दुसरं हर्णैजवळचं दापोली तालुक्यात, आणि दोन्ही तुमच्या वाटेवर. वेळासही तसंच, श्रीवर्धनकडे एक आणि कासवांचं मंडणगड तालुक्यातलं दुसरं. अक्षांश-रेखांश टाकणार असाल तर यंत्र दशांश अंशात वाचतंय की अंश-मिनिटांत, ते बघा. दाभोळ साधारण 17.59, 73.18. हेच 17 अंश 59 मिनिटं, 73 अंश 18 मिनिटं असं टाकलंत तर पोहोचाल चाळीसेक किलोमीटर उत्तरेला मंडणगडाच्या आसपास. तिथे खाडी नाही.

बाकी सेटिंग्ज भराभर. रूट सुटल्यावर पुन्हा आखणी 'आपोआप' न ठेवता 'विचारून' ठेवा, नाहीतर चहाला वळलात तरी आखलेला रस्ता गेला. वाहन मोटरसायकल. कच्चे रस्ते टाळा की नको, तुमचं तुम्ही ठरवा. मी टाळतो, कारण कोकणात रस्ता कच्चा दिसला की पुढे बहुतेक कुणाचं तरी अंगण असतं. ॲडव्हेंचरस रूटिंगला, म्हणजे मुद्दाम वळणांचे रस्ते शोधणाऱ्या सोयीला, हात लावू नका, तिथला साधा रस्ताच पुरेसा वळणावळणाचा आहे. फेरीज, एव्हाना कळलं असेल. फॅक्टरी रीसेट केलं, दुरुस्तीला दिलं, मित्राला वापरायला दिलं, अपडेट मारलं, की पुन्हा बघा.

नकाशाचं अपडेट आठवडाभर आधी. फाइल मोठी असते, आदल्या रात्री सुरू केलीत तर सकाळी अर्धा नकाशा घेऊन बसाल. जागा कमी पडली तर मायक्रोएसडी कार्ड.

एक गंभीर गोष्ट. जीपीएस फक्त उपग्रहाचं ऐकतं, त्याची भीती नाही. पण उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, इनरीच किंवा सॅटेलाइट फोन, परवान्याशिवाय भारतात बाळगू नका. परदेशातून येणारा भाऊ-मित्र सोबत असेल तर त्याला विमानात बसण्याआधी सांगा. गोव्यात विमानतळावर अशी यंत्रं सापडून पर्यटक अडकलेत, आणि तुमची सहल गोव्यातल्या तेरेखोलला संपणार असेल तर तिथला कायदाही हाच.

घाटासाठी यंत्रावर भरवसा नको. वरंधा पावसाळ्यात बंद ठेवतात, यंत्राला पत्ता नसतो; ताम्हिणीने माणगावला उतरा आणि निघण्याआधी स्थानिक माणसाला फोन करा. फेरीच्या वेळाही फोन करूनच, विशेषतः तवसाळच्या. शेवटची बोट गेली की यंत्र काही करू शकत नाही.

निघण्याआधीच्या रविवारी एक छोटी चक्कर. चावी काढल्यावर यंत्र बंद होतं का, हेल्मेटमध्ये आवाज येतो का, फोन आणि यंत्र दोघं एकदम बोलायला लागतात का. लागतात. फोनचा नकाशाचा आवाज बंद करा.

आदल्या रात्री यंत्र चार्ज, रूट उघडून चार खाड्या, झोप. रूटची जीपीएक्स फाइल फोनमध्येही ठेवा. कागदावर गावांची नावं क्रमाने, टाकीवरच्या बॅगेत. पेट्रोल, कागदपत्रं, हवा, ते तुम्हाला माहीत आहे.

सकाळी यंत्र उघड्यावर ठेवून उपग्रह पकडू द्या, मग हातमोजे. जेटीवर रूट थांबवा. बोटीत बाइक गिअरमध्ये, साइड स्टँड, जवळ उभे राहा. पलीकडे उतरलात की पुढचा तुकडा लावा, बाजूला उभं राहून, रॅम्पवर नाही. मागून टेम्पो येतात.

मुक्कामाला यंत्र काढून खोलीत न्या. क्रेडलच्या पिना कोरड्या फडक्याने पुसा, खारं वारं आहे.