आर्जिनिनचा डबा उघडण्याआधी

सांगली-साताऱ्याकडच्या तालमीतल्या काही पोरांच्या खुराकात हल्ली थंडाईच्या जोडीला आर्जिनिनची पावडर आलीय. आर्जिनिन म्हणजे एक अमिनो आम्ल, प्रथिनांचा एक घटक. त्यानं ग्रोथ हार्मोन, म्हणजे शरीराची वाढ घडवणारं हार्मोन, वाढतं, हे अगदीच खोटं नाही. पण पैसे मोजण्याआधी पुढचं तपासून घ्या.

आधी मात्रा बघा. मेंदूतलं हायपोथॅलॅमस सोमॅटोस्टॅटिन नावाचं हार्मोन सोडून, ग्रोथ हार्मोन तयार करणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीला लगाम घालतं. आर्जिनिनमुळे तो लगाम सैल होतो आणि ग्रोथ हार्मोन सुटतं. मुलाची उंची खुंटली असेल तर डॉक्टर हीच गोष्ट तपासणीसाठी वापरतात. वजनाच्या दर किलोला अर्धा ग्रॅम, जास्तीत जास्त 30 ग्रॅम आर्जिनिन, तेही उपाशीपोटी थेट शिरेतून. रक्तात साखर चढली की ग्रोथ हार्मोन दबतं, म्हणून पोट रिकामं. तोंडानं घेतलेल्या 5 ते 9 ग्रॅमनं आराम करत असलेल्या माणसात थोडीफार वाढ दिसते. 13 ग्रॅमच्या आसपास गेलात तर पोटच बिघडतं.

मग वेळ, आणि खरी गोम इथंच आहे. मेहनतीनं, म्हणजे व्यायामानं, ग्रोथ हार्मोन जेवढं वाढतं, तेवढं आर्जिनिनच्या डोसनं वाढत नाही. बरं, दोन्ही एकत्र केलं तर बेरीज व्हावी ना? उलट मेहनतीची वाढच कमी भरते. तेव्हा जोर-बैठकांआधी पावडर घोळून पिणं बंद करा. शिवाय हार्मोन तासभर वर गेलं म्हणून दंडाचे स्नायू भरत नाहीत. डब्यावरचं चित्र काहीही सांगो.

पहाटे तालमीत जायचं असेल तर रात्री लवकर आडवे व्हा. गाढ झोप लागल्यावर सुरुवातीलाच ग्रोथ हार्मोनची मोठी लाट येते.

खुराक मात्र सोडू नका. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 3 ग्रॅम आर्जिनिन असतं; तीळ, बदाम, डाळी, मटण यांतही ते आहेच. पण शेंगदाणे खायचे ते प्रथिनांसाठी. पोटात ते सावकाश पचतात, त्यातलं आर्जिनिन इतर अमिनो आम्लांबरोबर हळूहळू रक्तात उतरतं, त्यामुळे शिरेतल्या डोससारखी उसळी येत नाही.

रक्तदाबाच्या किंवा नायट्रेटच्या (हृदयविकारात छातीत दुखू नये म्हणून देतात त्या) गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पावडर घेऊ नका. दाब एकदम उतरू शकतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी तर तिच्या वाटेलाच जाऊ नये.