डोस वाढवण्याआधी आतडं बघा: सीलिअॅकवाल्यांनो, या चुका टाळा

"गोळ्या चालू आहेत, पण रिपोर्ट काही हलत नाही." हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्न आपसूक तोंडात येतो: ग्लूटेन खरंच बंद आहे का? सीलिअॅक या आजारात ग्लूटेनमुळे, म्हणजे गहू-बार्ली-रायमधल्या प्रथिनामुळे, लहान आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे, म्हणजे व्हिलाय, झिजून सपाट होतात. सगळ्यात जास्त मार बसतो तो आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, आणि लोह, कॅल्शियम, फोलिक अॅसिड मुख्यतः तिथेच शोषलं जातं. मग गोळी घेऊनही ती नीट अंगी लागत नाही.

पथ्य सुरू, पण डोस जुनाच. ही चूक माझी स्वतःची, म्हणून सविस्तर सांगते. निदान व्हायच्या आधी माझी थायरॉइडची गोळी १०० मायक्रोग्रॅमवरून १२५ वर गेली, मग १५० वर. तरी टीएसएच (रक्तातला हा आकडा थायरॉइड कमी पडलं की चढतो, जास्त झालं की उतरतो) १० च्या खाली यायला तयार नाही. दर खेपेला तोच प्रश्न, "गोळी रोज घेता ना?" घेत होते हो, गजर लावून घेत होते! पुढे सीलिअॅक निघालं, गहू-बार्ली-राय सुटलं, महिन्याभरात पोट शांत झालं. आता कशाला सुया टोचून घ्यायच्या, म्हणून मी रक्ततपासणीला बुट्टी मारली. सात-आठ महिन्यांनी हातातला कप बशीवर खडखडायला लागला. रात्री छातीत धडधड, झोप गायब, वजन उतरतंय. मला वाटलं कुठूनतरी ग्लूटेन पोटात जातंय, म्हणून पथ्य आणखी कडक केलं. टीएसएच निघाला ०.०५. आतडं भरून आलं होतं आणि १५० ची गोळी आता पुरेपूर अंगी लागत होती. डोस परत १०० वर आला.

तेव्हापासून कोणी पथ्य सुरू केलं की मी मागे लागते: सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, आणि तो लागोपाठ दोनदा जागेवर येईपर्यंत करत राहा. डोसला मात्र स्वतः हात लावायचा नाही. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तोही या काळात हलू शकतो, कारण व्हिटॅमिन के पुन्हा शोषलं जायला लागतं. डॉक्टरांना पथ्याची तारीख सांगा.

सगळ्या गोळ्या एका घोटात. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात. मध्ये चार तास हवेत. माझं ठरलेलं आहे: उठल्याबरोबर थायरॉइड, दुपारी लोह, रात्री कॅल्शियम. लोहावर लगेच चहा नको.

लोह चढत नाही, मग दोन गोळ्या. उतावळ्यांची आवडती युक्ती. आतडं सपाट असताना जास्तीचं लोह तसंच पुढे सरकतं, पोट दुखतं, बद्धकोष्ठ होतं, आणि मग गोळीच सुटते. खूपच गरज असेल तर शिरेतून लोह देता येतं, ते डॉक्टरांना विचारा. आणि नुसतं हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून थांबू नका. लोहाचा साठा भरला की नाही ते फेरिटिनची रक्ततपासणी सांगते.

बी१२ न तपासता फोलिक अॅसिड. बी१२ कमी असेल तर रक्त सुधारलेलं दिसतं, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं.

निदानाआधीच पथ्य. ग्लूटेन सोडून टीटीजी, म्हणजे सीलिअॅक ओळखायची रक्ततपासणी, केली तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मग पुन्हा महिनोन्महिने गोंधळ. कृपा करून थांबा जरा.

गोळीतल्या स्टार्चची धास्ती. बहुतेक गोळ्यांत गव्हाचा स्टार्च नसतो, मका किंवा बटाट्याचा असतो. तरी विचारावं. मी कंपनी बदलली की केमिस्टला दर वेळी विचारते आणि उत्तर पाकिटावर पेनाने लिहून ठेवते. पण शंका आली म्हणून औषधच बंद करणारे भेटतात, त्यांच्यापुढे मी हात टेकलेत. आधी विचारा, तोवर गोळी चालू ठेवा.